स्टेपनी खाली येईना! – साधी यंत्रे, घर्षण आणि गाडीखालचं एक चाक



आजचा लेख इयत्ता सहावीच्या 'साधी यंत्रे' या पाठाला जोडून आहे. पण उदाहरण कात्री, अडकित्ता आणि विहिरीवरच्या रहाटाचं नाही. ती तर आपण दरवर्षी देतोच. आजचं उदाहरण आहे पिकअप गाडीच्या पोटाखाली टांगलेल्या जादा चाकाचं, म्हणजे स्टेपनीचं. ती सहज काढता कशी यावी आणि परत जागेवर कशी बसवावी, हे पाहता पाहता आपला जवळजवळ सगळा पाठ होऊन जातो.

आधी हा विषय वर्गात आला कसा ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा सोमवारी आलाच नाही. मंगळवारी आला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, बाबांची गाडी माळशेज घाटात अडकली होती. स्टेपनीच निघंना." त्याचे वडील जुन्नर भागातून टोमॅटो, कोथिंबीर असा माल पिकअपमध्ये भरून कल्याणच्या मार्केटला नेतात. रात्री निघायचं आणि पहाटे मार्केटला पोचायचं. त्या रात्री घाटात मागचं चाक पंक्चर झालं. पाऊस, धुकं, वळणाचा रस्ता. त्यांनी रॉड घालून फिरवायला सुरुवात केली. रॉड फिरतोय, पण टायर काही खाली येईना. गंजून जाम झालेला. शेवटी मागून आलेल्या एका ड्रायव्हरने ब्लेड दिलं. हे गाडीखाली झोपले आणि जवळजवळ तासभर तार कापत बसले. तार तुटली, स्टेपनी धाडकन खाली पडली. आणि पाहतात तर स्टेपनीत हवाच नाही!

माल दुपारी पोचला. कोथिंबिरीचं काय झालं असेल ते शेतकऱ्यांच्या घरातल्या वाचकांना सांगायला नको. पण मला जास्त धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. गाडी त्या वेळी जॅकवर उचललेली होती, आणि ते तिच्या खाली झोपले होते. ओला रस्ता, उतार, आणि वर माल भरलेली गाडी. जॅक जरा सरकला असता तर?

मुलाने हे सगळं अगदी सहज सांगितलं. मी मात्र ठरवलं की पुढच्या आनंददायी शनिवारी हाच पाठ घ्यायचा. त्याच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, "भाऊ, शनिवारी गाडी घेऊन शाळेच्या मैदानात याल का?" ते हसले. "मॅडम, आता नवीन विंच बसवलाय, म्हणजे नवीन कसला, भंगारातनं आणलाय. पोरांना दाखवतो की."

'स्टेपनी' हा शब्द आला कुठून?

पाठाआधी मुलांना मी हा प्रश्न टाकला. कुणी म्हणालं हिंदी, कुणी म्हणालं इंग्रजी, एकाने तर 'स्टेप' म्हणजे पायरी, म्हणून स्टेपनी, असंही सांगून पाहिलं. खरी गोष्ट अशी. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत, त्यामुळे पंक्चर तर नेहमीचं. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लॅनेली नावाचं गाव आहे. तिथल्या थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी 1904 साली यावर उपाय काढला. हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक धाव त्यांनी बनवली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून चिमट्यांनी अडकवायची आणि पुढे निघायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर होतं, म्हणून ते 'स्टेपनी व्हील'. हा माल इंग्रजांच्या राज्यात दूरदूर गेला, तसा आपल्याकडेही आला. आज इंग्लंडमध्ये हा शब्द कुणी फारसा वापरत नाही. आपल्याकडे मात्र गावातल्या लहान पोरालाही तो माहीत आहे. बांगलादेशात आणि माल्टात तो आहे, आणि ब्राझीलमध्ये जादा चाकाला 'एस्तेपी' म्हणतात, तोही याच शब्दाचा भाऊ.

चाक खाली का टांगतात?

पिकअपला मागे हौदा असतो, तो मालासाठी लागतो. जादा चाक हौद्यात ठेवलं तर तेवढी जागा गेली, आणि माल भरल्यावर ते नेमकं तळाशी. मग पंक्चर झाल्यावर आधी पन्नास क्रेट उतरवा! म्हणून चाक चेसिसच्या खाली, मागच्या बाजूला आडवं टांगतात. जागा वाचते. पण रस्त्यावरचा चिखल, पाणी, धूळ, खडी, सगळं थेट त्याच्यावर उडतं. कोकणपट्टीत तर खारी हवा. लोखंडाला गंज चढायला हवेतला ऑक्सिजन आणि पाणी लागतं, आणि मिठाने ते काम आणखी वेगाने होतं. हे आपण पुस्तकात शिकतो. गाडीखाली ते रोज घडत असतं, फक्त कुणी वाकून बघत नाही.

चाक टांगायला एक छोटं यंत्र असतं, त्याला विंच म्हणतात. आपल्या रहाटाचाच हा भाऊ. एका डब्यात ढोल असतो, त्यावर लोखंडी तार गुंडाळलेली असते (काही गाड्यांत तारेऐवजी साखळी). तारेच्या टोकाला एक पत्र्याची जाड पट्टी असते. ती तिरकी करून चाकाच्या मधल्या भोकातून घालतात आणि पलीकडे आडवी करतात. सदऱ्याचं बटण काजातून गेल्यावर आडवं होऊन अडकतं ना, तसंच. मागच्या बंपरजवळ एक भोक असतं. त्यातून लांब रॉड आत सरकवायचा, तो विंचच्या तोंडात बसला की फिरवायचा. घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवलं की चाक खाली, काट्याच्या दिशेने फिरवलं की वर.

मैदानातला प्रयोग

शनिवारी गाडी आली. सपाट जागेवर उभी केली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. जॅक लावलाच नाही. हा नियम मुलांना मी आधीच सांगितला: जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही. हातही घालायचा नाही.

मुलांनी फूटपट्टी, ताणकाटा आणि कांद्याचा वजनकाटा आणला होता. स्टेपनी खाली घेताना एकाने फेरे मोजले, एकाने उंची. 16 फेऱ्यांत चाक 40 सेंटिमीटर खाली आलं. म्हणजे एका फेऱ्याला अडीच सेंटिमीटर. रॉडच्या मुठीचा हात 20 सेंटिमीटर लांब होता, म्हणजे एका फेऱ्यात आपला हात 2 × 3.14 × 20 = सुमारे 125 सेंटिमीटर फिरतो. हात 125 सेंटिमीटर जातो तेव्हा चाक फक्त अडीच सेंटिमीटर हलतं. 125 भागिले 2.5 बरोबर 50. म्हणजे कागदावर हे यंत्र आपलं बळ पन्नासपट करतं.

चाक काट्यावर ठेवलं, भरलं 24 किलो. 24 भागिले 50, म्हणजे मुठीला साधारण अर्धा किलो वजनाएवढा जोर लावला की चाक वर यायला हवं. मुलं खूश. मग मुठीला ताणकाटा अडकवून चाक वर घेताना ओढून पाहिलं. काटा दाखवतोय दोन किलो!

"मॅडम, गणित चुकलं." नाही चुकलं. बाकीचा दीड किलो घर्षणाने खाल्ला. मित्रांनो, वर्गात आपण 'घर्षणामुळे बल वाया जातं' असं वाक्य लिहून देतो. त्या दिवशी मुलांनी ते किलोत मोजलं. यानंतर घर्षण समजावून सांगायची वेगळी गरज पडली नाही.

पण इथेच थांबू नका, कारण याची दुसरी बाजू जास्त मजेची आहे. चाक अर्ध्यात वर नेलं आणि मी म्हटलं, आता मूठ सोड. पोरगं घाबरलं, चाक धाडकन येईल म्हणून. सोडली, तर चाक जागच्या जागी लटकलेलं! रहाटाची मूठ सोडली तर बादली विहिरीत जाते, मग हे का पडत नाही? अनेक विंचमध्ये ढोल सरळ फिरत नाही, स्क्रूसारखी आटे असलेली एक दांडी दातेरी चाकाला फिरवते. बोल्टवर नट चढवून तो वरून दाबला तर तो आपोआप फिरत खाली जातो का? नाही. आट्यांमधलं घर्षण त्याला धरून ठेवतं. तसंच इथे. दांडी चाकाला फिरवू शकते, पण चाक दांडीला फिरवू शकत नाही. निम्म्याहून जास्त बळ घर्षणात जातं, म्हणूनच हे यंत्र आपोआप कुलूप लागल्यासारखं थांबतं. घर्षण नसतं तर स्टेपनी रस्त्यावर पडली असती, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय झालं असतं ते तुम्हीच विचार करा. 'घर्षण: शाप की वरदान' हा निबंध मुलं दरवर्षी लिहितात, पण त्यात ब्रेक आणि चपलेपलीकडे उदाहरण नसतं.

मग ती रात्री का निघाली नाही?

जुना विंच भाऊंनी सोबत आणला होता, तो मुलांच्या हातात दिला. तारेचे पदर गंजून एकमेकांना चिकटलेले, ढोलावरचे वेढे चिखलाने सिमेंटसारखे घट्ट. रॉड जिथे बसतो ते तोंड मातीने बुजलेलं. रॉडचं टोक तिथे नीट बसतच नव्हतं, नुसतं घसरत होतं. रॉड फिरतोय आणि टायर खाली येत नाही, याचा अर्थ काही वेळा एवढाच असतो.

आणखी दोन कारणं असतात. एक म्हणजे चाकाची डिस्क वरच्या ब्रॅकेटला गंजून चिकटते. तार सैल होते, पण चाक वरच चिकटलेलं. अशा वेळी खाली न शिरता, बाजूने लांब लाकडी दांडा घालून टायरला ठोसे द्यायचे. चाक एकदम पडू शकतं, म्हणून हातपाय लांब. दुसरं कारण, काही गाड्यांत तार तुटली तर चाक पडू नये म्हणून दुसरी एक कडी असते. ती अडकली असेल तर चाक पूर्ण वर घ्यायचं, परत खाली सोडायचं, असं तीन-चार वेळा करायचं. बरेचदा सुटते. रागाने जोर लावून रॉड वाकवण्यात अर्थ नाही.

स्टेपनी चोरीला जाते म्हणून आपल्याकडे बरेच जण साखळी आणि कुलूप लावतात. ते कुलूपही चिखलातच असतं. भाऊंनी कबूल केलं, "मॅडम, चावी घरी राहिली असती तर ती वेगळीच पंचाईत." कुलूप लावायचं तर त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा, भोकात ऑइलचे दोन थेंब सोडा आणि चावी गाडीच्याच जुडग्यात ठेवा.

सोपं कसं करायचं?

आता पालकांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. घरात कुणाची गाडी असेल तर हे वाचून दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचं काम बिनखर्चाचं आहे. दर तीन महिन्यांनी, घरासमोर, दिवसाउजेडी, स्टेपनी पूर्ण खाली घ्या. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तर घ्याच. तार पूर्ण बाहेर काढून पाण्याने धुवा, वाळू द्या. कुठे पदर तुटून काटे आले असतील तर ती तार बदलायची, दुरुस्त करायची नाही. तारेवर हात फिरवताना जाड हातमोजे घाला, तुटका पदर बोटात सुईसारखा घुसतो. मग तारेला ऑइल, टोकाच्या पट्टीला आणि रॉडच्या तोंडाला ग्रीस. चाक जिथे ब्रॅकेटला टेकतं तिथे ग्रीसचा पातळ हात फिरवा, म्हणजे पुन्हा चिकटणार नाही. टायरच्या रबराला मात्र ऑइल-ग्रीस लागू देऊ नका, रबर खराब होतं. आम्ही मैदानात हे सगळं केल्यावर ताणकाटा परत लावला. दोन किलोचा दीड किलो झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, भाऊंनी पण.

हवा! त्या रात्रीचा अर्धा घोटाळा हवेचा होता. टायर वापरला नाही तरी हवा हळूहळू कमी होते. चाक खाली घेतलंच आहे तर हवा भरून घ्या, ठरलेल्या दाबापेक्षा किंचित जास्त चालेल, कमी करणं सोपं असतं. आपल्या गाडीत वॉल्व्ह जमिनीच्या बाजूला येईल असं चाक बसत असेल तर उत्तम, म्हणजे पुढच्या वेळी चाक न काढताही हवा तपासता येते. चाकाची बाजू गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेली असते, तशीच ठेवा.

रात्री रॉडला विंचचं तोंड सापडत नाही, ही सगळ्यांची तक्रार. यावर एका मुलीने उपाय सांगितला: "मॅडम, नसराळं लावू." प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापला की झालं नसराळं, रॉड आपोआप घसरत मध्ये जाईल. कल्पना एकदम बरोबर! फक्त भाऊंनी लगेच सायलेन्सर दाखवला. तो गरम होतो, प्लास्टिक वितळेल. मग ठरलं की पत्र्याच्या डब्याचं नसराळं करायचं आणि ते सायलेन्सरपासून लांब, हलणार नाही असं पक्कं बसवायचं. बंपरच्या भोकाभोवती पांढऱ्या रंगाचा गोल काढला, तो काळोखात टॉर्चच्या उजेडात चमकतो. आणि भोकात चिखल जाऊ नये म्हणून रबरी बूच.

माल भरलेली गाडी खाली बसते. त्यात मागचं चाक पंक्चर, म्हणजे आणखी खाली. मग स्टेपनी जमिनीला टेकते पण बाहेर ओढता येत नाही. यासाठी क्रम लक्षात ठेवा: जमेल तेव्हा आधी स्टेपनी बाहेर, मग जॅक. जागा पुरतच नसेल तर जॅकने गाडी थोडी उचला, पण खाली न शिरता रॉडच्या आकड्याने किंवा दोरीने चाक ओढा. चाकाच्या खाली जुनं पोतं सरकवलं तर ते ओढायला निम्म्याने हलकं वाटतं. बाहेर आल्यावर उचलायचं नाही, उभं करून घरंगळवत न्यायचं. 24 किलो उचलणं आणि 24 किलो घरंगळवणं यातला फरक मुलांनी स्वतः करून पाहिला. मोठ्या ट्रकचं चाक तर शंभर किलोच्या घरात असतं, तिथे एकट्याने उचलायचा विचारही नको.

चाक बोल्टवर चढवतानाही तरफ वापरा. टायरच्या खाली पहार किंवा लांब पाना घालायचा, त्याखाली चपटा दगड टेकू म्हणून, आणि पहारीच्या टोकाला पाय. टेकू मध्ये, भार आपल्या पुढे, बल आपल्याकडे. पहिल्या प्रकारची तरफ!

परत बसवताना

काढण्यापेक्षा बसवताना जास्त चुका होतात, कारण तेव्हा आपण दमलेले आणि घाईत असतो. पंक्चर चाक चिखलाने भरलेलं असेल तर आधी पुसून घ्या. ते गाडीखाली आडवं ठेवा, पट्टी मधल्या भोकातून घालून आडवी झाली याची खात्री करा. वर घेताना तार ढोलावर एकावर एक वेडीवाकडी बसू नये म्हणून थोडा ताण हवा. चाकाच्या वजनाने तो आपोआप मिळतो. पण रिकामी तार गुंडाळत असाल तर हाताने ताण धरा. अशी वेडीवाकडी बसलेली तार पुढच्या वेळी हमखास अडकते.

चाक वर टेकलं की बऱ्याच विंचमध्ये कट्-कट् आवाज येतो. म्हणजे आता जास्त जोर तारेवर जात नाही, आतला भाग मुद्दाम घसरतोय. आवाज आल्यावर आणखी फिरवत बसू नका. आवाज येत नसेल तर घट्ट लागल्यावर थांबा. गॅरेजमध्ये हवेच्या गनने फिरवायची हौस असते, ती इथे नको, आतले दाते तुटतात. मग बाहेरून टायरला हाताने जोरात हलवून पाहा. हलला तर तो तिरका बसलाय. परत खाली घ्या आणि पुन्हा बसवा. दहा-वीस किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून परत हलवून पाहायचं. इथे आळस करू नका, गाडीखालून सुटलेलं चाक मागच्या माणसाच्या जिवावर येतं.

वर्गात गाडी आणणं शक्य नसेल तर

सगळ्यांना पिकअप मिळणार नाही, मला कल्पना आहे. मग शिवणयंत्राच्या दोऱ्याचं रिकामं रीळ घ्या, त्यात पेन्सिल घट्ट बसवा, पेन्सिलीच्या टोकाला सायकलच्या आऱ्याची मूठ वाकवून बांधा. दोन विटांच्या मध्ये ठेवा, दोऱ्याला खड्यांची पिशवी बांधा. मूठ लांब-आखूड करून मुलांना फरक बघू द्या. नंतर दोऱ्याला ओली माती लावून वाळवा आणि परत फिरवायला सांगा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मुलांना घरी सोडवायला मी हे प्रश्न दिले होते, तुम्हीही वापरा:

1. मुठीचा हात 20 ऐवजी 30 सेंटिमीटर केला तर बळ किती पट होईल? फेरे कमी होतील की तेवढेच राहतील?
2. सगळं घर्षण काढून टाकलं तर चाक वर घेणं सोपं होईल. मग तोटा काय?
3. घरी किंवा शेजारी एखादी गाडी असेल तर मोठ्या माणसाला विचारा: स्टेपनीत हवा शेवटची कधी पाहिली होती? उत्तर जसं मिळेल तसंच लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला वर्गातल्या एकोणीस मुलांनी उत्तरं आणली. त्यातल्या तेरा जणांनी लिहिलं होतं, "आठवत नाही." एकाने लिहिलं होतं, "बाबा गप्प बसले आणि मग बाहेर जाऊन बघून आले."